वीरगळाचे त्रिमितीय मॉडेल : दोन मोबाइलच्या छायाचित्रांचा मेळ

गावच्या शिवमंदिरालगतच्या वीरगळाचे त्रिमितीय मॉडेल करण्याचे काम पावसाळ्यानंतर हाती घेतले होते, ते या आठवड्यात मार्गी लागले. पहिल्या खेपेला माझ्या आणि बहिणीच्या मोबाइलने काढलेली १५४ छायाचित्रे मी एकाच फोल्डरमध्ये टाकली आणि 'सर्वांसाठी एकच कॅमेरा' हा पर्याय ठेवून कोलमॅप (छायाचित्रांवरून त्रिमितीय मॉडेल रचणारा प्रोग्राम) चालवले. दोन्ही मोबाइलची छायाचित्रे ४००० × ३००० पिक्सेलचीच असल्याने प्रोग्रामने कुठेही हरकत घेतली नाही. मात्र मॉडेलमध्ये सपाट शिळा परातीसारखी खोलगट झाली आणि माथ्यावरची चंद्रकोर दुहेरी उमटली.

दोष छायाचित्रांच्या जुळणीत असावा, असे मला आधी वाटले, पण जुळणी उत्तम होती. जुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या, संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड लो यांच्या सिफ्ट पद्धतीत प्रत्येक वैशिष्ट्यबिंदूचे (छायाचित्रात ठळकपणे ओळखता येणाऱ्या बिंदूचे) वर्णन १२८ अंकांनी होते, आणि काळ्या पाषाणावरच्या दगडफुलाच्या पांढरट ठिपक्यांनी असे बिंदू विपुल पुरवले. (हे ठिपके कृपया कोणीही खरवडू नयेत, शिळेला इजा होतेच, शिवाय जुळणीचा आधारही जातो.) खरी चूक भिंगांविषयीच्या गृहीतकात होती. पिक्सेल सारखे असले तरी दोन्ही भिंगांचे नाभीय अंतर आणि कडेची वक्रता वेगळी होती, आणि बंडल ॲडजस्टमेंट (कॅमेऱ्यांच्या जागा, भिंगांची मापे आणि बिंदू एकत्र जुळवून घेणारे गणित) एकूण त्रुटी कमी करण्याच्या प्रयत्नात तो फरक कॅमेऱ्यांच्या जागांमध्ये आणि बिंदूंच्या खोलीत मुरवत होते. सपाट वस्तू केवळ समोरून टिपली, तर भिंगाची वक्रता कोणती आणि शिळेची कोणती, हे गणिताला वेगळे करता येत नाही.

दुसऱ्या खेपेला प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र फोल्डर केला, 'फोल्डरमागे एक कॅमेरा' हा पर्याय निवडला, फोकस लॉक केला आणि ढगाळ सकाळी दोन्ही बाजूंनी तिरक्या कोनांतूनही छायाचित्रे घेतली. सरासरी पुनर्प्रक्षेपण त्रुटी (मॉडेलमधला बिंदू छायाचित्रावर परत टाकला, तर तो मूळ जागेपासून किती सरकतो ते) १.३ वरून ०.६ पिक्सेलवर आली. तरीही निव्वळ या आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, म्हणून शिळेवर एक सरळ पोलादी पट्टी आडवी धरून ती मॉडेलमध्ये सरळ येते का, हे तपासले. ती सरळ आली. छायाचित्रांतून खरे माप मिळत नसल्याने मॉडेलचे प्रमाणही याच पट्टीच्या ३० सेंटिमीटरवरून ठरवले.

गाईंच्या रक्षणासाठी लढणारा वीर दाखवणारा तळचा कप्पा अर्धा मातीत आहे. तेवढा भाग मॉडेलमध्ये रिकामाच ठेवला आहे.