सरळ वर

शुक्रवार, रात्री

गेल्या वर्षी एलिट डेंजरस या अवकाशयानाच्या गेममध्ये आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाऊन आले होते. सॅजिटेरियस ए-स्टार, म्हणजे मध्यावरचं कृष्णविवर, सूर्यापासून जवळजवळ २६,००० प्रकाशवर्षं. पाचशेच्या वर जंप, म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या, झाल्या आणि आज आठवायला बसले तर जेमतेम तीन आठवतात. बाकीच्या रूट प्लॉटरनं मारल्या. ठिकाण निवडलं की तो ताऱ्यांची माळ ओवून देतो, आपण बटण दाबायचं, टाकी भरायची, पुन्हा बटण दाबायचं. अर्ध्या वेळेला मी दुसऱ्या स्क्रीनवर मालिका बघत होते. मी गेले कसली, मला नेलं गेलं.

म्हणून या वेळी जवळचं आणि अवघड काहीतरी हवं होतं. ठरवलं: सरळ वर जायचं. आकाशगंगेची तबकडी लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे, पण त्या मानानं फारच पातळ. सगळे त्या तबकडीतून आडवे फिरतात. मी उभी जाणार. २,००० प्रकाशवर्षं उंची गाठायची, बस्स.

नियम वहीत लिहिले. रूट प्लॉटर बंद, प्रत्येक तारा नकाशात स्वतः शोधायचा. न्यूट्रॉन तारे आणि श्वेतबटू यांच्या झोतात शिरून पल्ला वाढवायचा नाही. कार्बन, व्हॅनेडियम, जर्मेनियम मिसळून जंप मारणाऱ्या ड्राइव्हला जो जादा जोर देता येतो, तोही नाही. आणि पुढचा तारा आधीच्यापेक्षा उंचावरच हवा. खाली उतरायचं नाही.

हा शेवटचा नियम लिहिताना फार रुबाबदार वाटला होता.

शनिवार

भाचा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मावशी, अवकाशात वर कुठे असतं?"

प्रश्न बिनतोड आहे. 'वर' माणसांनी ठरवलेलं आहे. आकाशगंगेचा उत्तर ध्रुव अरुंधती केश या तारकासमूहात येतो, आणि गेमच्या नकाशात तीच वरची बाजू. सूर्य शून्यावर, तीन आकडे, त्यातला मधला उंचीचा. म्हटलं, हा आकडा वाढला की आपण वर. त्यानं दोन मिनिटं आकड्याकडे बघितलं, मग विचारलं, "आणि वर काय आहे?" म्हटलं, तारे संपतात. "संपतात म्हणजे?" हेच बघायला चाललेय, असं सांगितल्यावर त्याचं समाधान झालं, निदान तो उठून गेला.

निघाले स्वातीच्या आसपासून. स्वाती खरोखरही साधारण त्याच दिशेला आहे, ३७ प्रकाशवर्षांवर, त्यामुळे तिथून सुरुवात करणं शोभून दिसलं. जहाज माझं जुनं डायमंडबॅक एक्सप्लोरर. दिसायला ओबडधोबड, पण तापत नाही आणि कुरकुरत नाही. ३२ टनांची टाकी भरलेली असताना एका जंपमध्ये ४८.६ प्रकाशवर्षं.

पहिल्या पंचवीसेक जंप म्हणजे नुसती चंगळ. नकाशात इतके तारे की आव्हान कसलं, निवडायचाच कंटाळा. पुष्कळ ताऱ्यांच्या नावात 'हिप' आणि एक आकडा. हे खरे तारे. १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कोस उपग्रहानं लाखाच्या वर ताऱ्यांच्या जागा मोजल्या, त्या यादीतले बरेच गेममध्ये जसेच्या तसे बसवलेत. गेममधल्या चाळीस हजार कोटी सूर्यमालांमध्ये हे म्हणजे मूठभरच, बाकी सगळं गणितानं रचलेलं. हजाराच्या उंचीकडे सरकताना 'हिप' विरळ होत गेले आणि कुणी उच्चारूनही न पाहिलेली यंत्रानं घडवलेली नावं सुरू झाली.

आज १,०४० वर थांबले.

रविवार

आज लांबलचक बसले. १,३०० च्या पुढे चित्र पालटलं.

तारे कमी होतात हे माहीत होतं. पण कमी होणं म्हणजे काय हे हातानं शोधतानाच कळतं. नकाशा फिरवायचा, वरच्या बाजूला जायचं, एकेका ठिपक्यावर कर्सर नेऊन अंतर वाचायचं. ५३. ६१. ४९.२. हा ४९.२ फार छळतो. इतका जवळ की टेबलावर मूठ आपटावीशी वाटते.

शिवाय तारा सापडून भागत नाही, तो इंधन देणारा हवा. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या सात वर्गांच्या ताऱ्यांभोवती घिरट्या घालून टाकी भरता येते. पुढचे एल, टी, वाय म्हणजे तपकिरी बटू. त्यांच्याजवळ कितीही वेळ काढा, थेंब मिळत नाही. ओ ते एम ही अक्षरांची विचित्र रांग लावली अ‍ॅनी जंप कॅनन यांनी, १९०१ साली. आयुष्यात साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचं वर्गीकरण केलं त्या बाईंनी, एकेका ताऱ्याचा वर्णपट डोळ्यांनी बघून. मी चाळीस तारे तपासून डोळे चोळतेय. आणि मधलं नाव 'जंप' असावं ही गंमत मला आज पहिल्यांदा जाणवली.

रात्री उशिरा फजिती झाली. जंप नेहमी मुख्य ताऱ्याच्या तोंडासमोर संपते, आणि मी पेंगत होते. नाक वळवलंच नाही. जहाज सुपरक्रूझमधून, म्हणजे जलद प्रवासाच्या वेगातून, धाडकन बाहेर फेकलं गेलं, आगीचे लोळ, तापमान वाढत चाललेलं, सगळे दिवे लाल. बाहेर काढलं कसंबसं, पण काळजाचं पाणी झालं. इथे जहाज फुटलं तर आतापर्यंत स्कॅन केलेली सगळी माहिती जाते, कारण ती स्टेशनवर नेऊन विकेपर्यंत आपली नसते.

आणि एक लिहायचं राहिलं. १,३८० वर एका ताऱ्याची माहिती उघडली तर 'प्रथम शोध' याखाली कुणा कमांडरचं, म्हणजे दुसऱ्या खेळाडूचं, नाव. म्हटलं असेल. पुढच्या ताऱ्यावर तेच नाव. एक सोडून पुन्हा तेच. आधी चिडले, मग लक्षात आलं की यात चिडण्यासारखं काही नाही. वर गेलं की पायऱ्याच इतक्या कमी उरतात की दोन अनोळखी माणसांच्या वाटा आपोआप एक होतात. त्या माणसाच्या जहाजाचा पल्ला माझ्याएवढाच असणार, नाहीतर तो या ताऱ्यांवर पाय ठेवता ना. पाच ताऱ्यांवर त्याचं नाव मिळालं. १,७३० नंतर नाही. मोठ्या पल्ल्याचं जहाज घेऊन पुढे उडी मारली की इथूनच फिरला, कळायला मार्ग नाही.

सोमवार

वेळ नाही. जेवताना डोक्यात ४९.२.

मंगळवार

१,९११. एक एम वर्गाचा लाल बटू, मंद, एकटा. टाकी भरली. इथून वर पल्ल्यात काहीच नाही. सगळ्या बाजूंनी नकाशा चाळला, एकूण एक ठिपका. सर्वांत जवळचा वरचा तारा ५०.९ वर. माझा पल्ला ४८.६.

कार्बन वगैरे मालमसाला मिसळला तर पल्ला सव्वापट होतो, प्रश्न मिटतो. सामान जहाजात पडलेलं आहे. दहा सेकंदांचं काम. बटणापर्यंत बोट गेलं होतं हे इथे कबूल करते.

मग जरा आकाश बघत बसले. खरं तर मी ज्या दृश्यासाठी निघाले होते ते मिळालंच नाही. मला वाटलं होतं खाली फिरत्या चाकासारखी आकाशगंगा दिसेल, पुस्तकांत असते तशी. तसं काही नसतं. लाख प्रकाशवर्षं रुंद गोष्टीवर दोन हजार चढणं म्हणजे मोठ्या मैदानात स्टुलावर उभं राहणं. मध्याकडे बघितलं तर नजर खाली झुकते ती चार-साडेचार अंशांनी. फरक पडतो तो वेगळाच. खालून बघताना मध्याचा फुगवटा धुळीच्या काळ्या पट्ट्यांनी झाकलेला असतो, तो आता वर डोकावतो, पिवळट, भरदार. आणि पाठ फिरवली की काळोख. वरच्या अर्ध्या आकाशात मोजता येतील एवढे ठिपके. मी बोटानं मोजले, सतराला थांबले, कारण त्यातले काही तारे नव्हेत, दूरच्या दीर्घिका असाव्यात अशी शंका आली.

तिथं बसूनच सुचलं. टाकी.

जहाज हलकं झालं की पल्ला वाढतो. ३२ टन इंधन म्हणजे माझ्या जहाजाच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा. ते जाळून टाकलं तर? कागदावर मांडलं. पंधरा टन उरले तर पल्ला ५१.२. वरच्या उडीला पाच टन लागतील, परत इथे यायला जेमतेम पाच. जमतंय!

पण जाळायचं कसं? जागेवर घिरट्या घालून तासाला चिमूटभर जळतं. लांब जंपच मारायला हव्यात, आणि पल्ल्यातला एकच तारा आहे, तो ४६ प्रकाशवर्षं खाली. म्हणजे खाली उतरायचं नाही हा नियम मोडायचा.

अर्धा तास यावर स्वतःशी वाद घातला, आणि हे मी गंभीरपणे सांगतेय. नियम मी केला, ऐकणारी मी, दंड करणारीही मीच, मग अडलंय कुठे? अडलंय असं की हा नियम सोडला तर उद्या मसाल्याचाही सोडेन. शेवटी निवाडा असा दिला: मसाला म्हणजे बाहेरून आणलेला जोर, टाकी रिकामी करणं म्हणजे आपल्याकडचं टाकणं. पहिलं चालणार नाही, दुसरं चालेल. वहीत चौथ्या नियमापुढे काट मारून 'वर जाण्यासाठी खाली आल्यास हरकत नाही' असं लिहिलं. वकिली आहे, पण वाईट नाही.

खाली, वर, खाली, वर. चार जंप, एकदाही इंधन न भरता. टाकीत पंधरा टन आणि थोडं. नकाशा उघडला, ५०.९ वरचा तो तारा आता पल्ल्याच्या आत.

उडी मारली.

बुधवार, पहाटे

एल वर्ग. तपकिरी बटू, विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचा. स्कॅनरचा भोंगा वाजवला, ग्रह एकही नाही. उंची १,९५८. त्या कमांडरचं नाव नाही, कुणाचंच नाही.

व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरच्या वेगानं चाललंय, १९७७ पासून. त्या वेगानं इथवर यायला साडेतीन कोटी वर्षं लागली असती. मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्यातही रूट प्लॉटर लावला असता तर तासा-दीड तासाचं काम. तरी या प्रवासातला जवळजवळ प्रत्येक तारा मी आत्ता क्रमानं सांगू शकते, निदान शेवटचे पंधरा.

२,००० ला ४२ कमी. वर अजून एक तारा आहे, २,००८ वर. अंतर ५२.६. आत्ता टाकीत दहा टन आहेत, पल्ला ५२. इंधन सात टनांच्या खाली आणलं की तोही टप्प्यात येतो. पण तो टी वर्गाचा. पोचले की टाकीत दोनेक टन उरणार, तिथे भरायला काही नाही, परतायची सोय नाही. अडकलेल्यांना इंधन पोचवणारे फ्युएल रॅट्स नावाचे स्वयंसेवक खेळाडू आहेत, फुकटात कुठेही जातात, पण स्वतः ठरवून खड्ड्यात उडी मारायची आणि मग दोर टाका म्हणायचं, हे काही मला पटेना.

तासभर तिथेच थांबले. मग खाली आले. लाल बटूपाशी टाकी भरून झोपले.

शुक्रवार

उतरताना फारशी मजा नाही, चढताना पाहिलेलंच सगळं. रूट प्लॉटर लावला. लाज वाटली नाही. स्टेशनवर पोचून माहिती विकली, पैसे किरकोळ, तपकिरी बटूंना कोण विचारतंय. नाव मात्र लागलं.

आता जहाजाच्या भागांची यादी समोर घेऊन बसलेय. ५२.६ गाठून परत यायचं तर पुरेसं इंधन ठेवून जहाज हलकं करायला हवं. ग्रहांवर फिरायच्या गाडीची जागाच सहा टनांची आहे, आणि वर तर एकही ग्रह नव्हता. म्हणजे गाडी काढायची. किंवा गाडी ठेवून ढाल काढायची, पण मग परवासारखी पेंगले तर.

भाचा म्हणतो गाडी ठेव. त्याला ती चालवायची आहे.