अंगावर चरबी नाही, तरी आतड्याचा कॅन्सर कसा?

"अहो, तो तर रोज पळायचा, पोट सपाट. त्याला कसा झाला आतड्याचा कॅन्सर?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही तुमच्या पळणाऱ्या नातेवाइकाबद्दल हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर हा एकच आजार आहे, असं आपण धरून चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या वाटणाऱ्या दोन गाठी मात्र वेगवेगळ्या वाटांनी तिथवर पोचलेल्या असू शकतात. बहुतेकांची सुरुवात साध्या पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठीपासून होते. पेशींच्या वाढीला आवर घालणारं एपीसी जनुक बिघडतं, मग आणखी काही, आणि यात बहुधा कित्येक वर्षं जातात. साधारण १५ टक्के गाठींमध्ये गोष्ट निराळी असते. पेशी डीएनएची नक्कल करताना चुका करते आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. यांतल्या थोड्या गाठी लिंच सिंड्रोमच्या, म्हणजे या यंत्रणेतला दोष आई-वडिलांकडून आलेल्यांच्या. उरलेल्या बहुतांश उतारवयात, आतड्याच्या उजव्या बाजूला आणि बायकांमध्ये जास्त सापडतात. त्यांचं धूम्रपानाशी नातं घट्ट आहे.

आता वजन. वाढलेल्या वजनाचा धोका कोलनला (मोठ्या आतड्याच्या मुख्य भागाला) जास्त, गुदाशयाला (शेवटच्या भागाला) कमी. पुरुषांत ठळक, बायकांत फिका. व्यायामाचं तर आणखी स्पष्ट आहे: अंगमेहनत करणाऱ्यांत कोलनचा कॅन्सर सुमारे एक पंचमांशाने कमी दिसतो, गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तसा फायदा जवळपास दिसत नाही. पोटाच्या चरबीमुळे इन्शुलिन चढं राहतं, बारीक दाह चालू राहतो आणि पेशींना वाढीचा इशारा मिळत राहतो, हे त्यामागचं मुख्य स्पष्टीकरण. जनुकीय प्रकारांनुसार वजनाचा परिणाम किती बदलतो, यावर अभ्यासांचं एकमत नाही. काहींत दुरुस्ती-यंत्रणा शाबूत असलेल्या गाठींशीच नातं दिसलं, काहींत जवळपास सगळ्याच प्रकारांशी.

मग आनुवंशिक दोष असलेल्यांनी वजनाचा विचार सोडून द्यावा? मलाही एके काळी तसंच वाटलं असतं. पण लिंच सिंड्रोम असलेल्यांना ॲस्पिरिन देऊन पाहणाऱ्या कॅप-२ चाचणीचे २०१५ साली आलेले निष्कर्ष उलटं सांगतात: स्थूल लोकांत धोका दुपटीहून अधिक होता, आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही.

आणि "सडपातळ होता" हे जरा जपूनच म्हणावं. निदानाच्या आधी काही महिने हा आजार बऱ्याचदा वजन खातो. आपल्या डोळ्यांसमोर असतो तो कदाचित आजाराने वाळलेला माणूस.

व्यायामाचं मोल निदानानंतरही संपत नाही. २०२५ मध्ये चॅलेंज चाचणीचे निकाल आले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या कोलन कॅन्सरच्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं आखीव व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनी त्यांच्यातले ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांतले ८३ टक्के. एखाद्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याच्या जाहिराती थांबल्या नसत्या.

तुमच्या त्या पळणाऱ्या नातेवाइकाचा धोका व्यायामाने कमी केला असेल, शून्य केला नव्हता. त्यांचा बायोप्सीचा रिपोर्ट काढा आणि 'मिसमॅच रिपेअर' ही ओळ शोधा; डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी वर सांगितलेली यंत्रणा ती हीच. तिच्या चार प्रथिनांपैकी एखादं गायब लिहिलं असेल, तर पुढची जनुकीय तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. दोष आनुवंशिक निघाला तर त्यांच्या भावंडांची आणि मुलांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) लवकर सुरू करावी लागते, ती सगळी कितीही काटक असली तरी.