आत्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

विंडोज १० चा सपोर्ट (नियमित सुरक्षा अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आत्याचा धडधाकट लॅपटॉप भंगारात काढायची भाषा घरात सुरू झाली. मला ते मुळीच पटेना. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती फुकट उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर चढवली. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. इन्स्टॉल करण्याआधी मात्र फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे ठेवाच! लिब्रेऑफिस, म्हणजे पत्रं-हिशेबाचं सॉफ्टवेअर, मिंटमध्ये असतंच. आत्या त्यातच भिशीचा हिशेब ठेवते, मराठीत. आता शेजारच्या काकांचा लॅपटॉप आलाय. रॅम ४ जीबी. मिंटला तेवढी पुरते.