घर कुठे घेतलंस?

गेल्या महिन्यात आमच्या घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर नावावर झालं, आणि मी पेढे घेऊन ऑफिसला गेले. अटलांटाच्या उत्तरेला फोरसाइथ काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), शाळा चांगल्या म्हणून दोन वर्षं आम्ही नुसते ओपन हाऊस बघत फिरत होतो, आणि आता आपली एवढी माणसं आहेत तिथे की संध्याकाळी पार्कात गेलं तर तेलुगू, गुजराती, मराठी सगळं कानावर पडतं. आमच्या टीममध्ये एक सिनियर बाई आहेत, ब्लॅक, साठीच्या आसपासच्या, पहिल्या दिवसापासून मला सांभाळून घेतलेल्या. त्यांनी पेढा घेतला, घर कुठे घेतलंस विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी पणजी तिथलीच. 1912 ला हाकलून दिलं त्यांना."

आणि मी काय बोलावं? "पण आम्ही तेव्हा इथे नव्हतोच, आमच्यावरच ब्रिटिशांचं राज्य होतं."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तुला काही म्हटलंय का?" आणि कामाला लागल्या.

घरी येऊन माझी चिडचिड. नवरा म्हणाला, आपण तीस वर्षांचं लोन काढलंय, कुणाचं हिसकावून घेतलं नाही. खरंच आहे ते. मलाही इथे दुकानाच्या पार्किंगमध्ये "परत जा तुमच्या देशात" ऐकवलंय, मग मीच का अपराधी वाटून घ्यायचं, असं सगळं मनात चालू. झोप येईना म्हणून वाचायला बसले.

सप्टेंबर 1912 मध्ये एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, त्यात पुढे ती गेली. त्या संशयावरून रॉब एडवर्ड्स नावाच्या ब्लॅक माणसाला जमावाने तुरुंगात घुसून मारलं आणि कमिंगच्या, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाच्या, चौकात टांगलं. महिना-दीड महिन्यात अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोघांना त्याच प्रकरणात कोर्टाने फाशी दिली, एक 16 वर्षांचा, दुसरा 17-18 चा. याच काळात रात्री घोड्यांवरून गोऱ्यांच्या टोळ्या यायच्या, घरांवर गोळ्या झाडायच्या, चर्च जाळायच्या, आणि काही आठवड्यांत काउंटीतली जवळपास सगळी, म्हणजे सुमारे 1,100 ब्लॅक माणसं घरदार टाकून गेली. जमिनी कवडीमोलाने गेल्या, काही तर विकल्याच नाहीत, शेजारच्यांनी टॅक्स भरून नावावर करून घेतल्या. पुढे कित्येक दशकं तिथे ब्लॅक माणूस राहू शकत नव्हता. 17 जानेवारी 1987 ला याविरुद्ध एक लहानसा मोर्चा निघाला तर त्यावर दगडफेक झाली, आठवड्याने सुमारे 20,000 लोक आले, नॅशनल गार्डच्या बंदोबस्तात. 1987! मी परभणीत पहिलीत होते तेव्हा. रिअल्टरने शाळेचं रेटिंग, एचओएची, म्हणजे सोसायटीची, फी सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. आणि मीही कधी विचारलं नाही की इतक्या मोठ्या ब्लॅक वस्तीच्या शहराच्या जवळच असलेल्या काउंटीत ती माणसं इतकी कमी का.

चार दिवसांनी मी बाईंकडे गेले. म्हटलं, "त्या दिवशी मी माझंच बोलले. पणजीबद्दल सांगाल?" पाऊण तास बोलल्या. गाय मिळेल त्या पैशाला विकली, मुलं आणि गोधड्या गाडीत घातल्या आणि रातोरात गेन्सव्हिलला, तिथून पुढे अटलांटा. 1987 च्या त्या दुसऱ्या मोर्चाला त्या स्वतः गेल्या होत्या, कॉलेजात होत्या तेव्हा, चर्चच्या बसने. मी मधे बोलले नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, त्यांनी आवाज चढवला नाही, मला लाजवलं नाही, आणि हे सगळं मला समजावत बसायची त्यांना काही गरजही नव्हती.

आणि आपल्या लोकांच्या गेट-टुगेदरला काय चालतं ते मला माहितीय. "त्या एरियात घर नको, काळे फार आहेत." मोठ्याने, बिनधास्त, मराठी कुणाला कळतंय म्हणून. मुलं तिथेच खेळत असतात, त्यांना कळतं ना! माझ्या मुलाने एकदा गाडीत विचारलं होतं, "आई, काळे म्हणजे माझ्या बसमधला मित्र का?" मी रेडिओ लावला. घर शोधताना हेच वाक्य मी दहा वेळा ऐकलंय आणि दहाही वेळा मान हलवलीय, त्याचा मला आता संताप येतो.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे असं होतं?" जिभेवर आलं होतं की आमच्याकडे रेस-बिस नाही. पण मग जात सांगितली. आपल्या घटनेने 1950 लाच अस्पृश्यता रद्द केली, इथला सिव्हिल राइट्स ॲक्ट 1964 चा, हेही अभिमानाने सांगितलं, आणि तो अभिमान मला अजूनही आहे. त्या म्हणाल्या, "कागदावर आमच्याकडे 1868 पासून समानता आहे." मग मी नामांतराचं सांगितलं. 1978 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या, माणसं गावं सोडून पळाली, नाव लागायला 1994 उजाडलं. आमच्या घरात त्याला फक्त "दंगल" म्हणायचे, तेही कधीतरीच.

त्यांचा एकच प्रश्न, "ती माणसं परत आली?"

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर विचारलं, आपल्या गावात काय झालं होतं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काही आली. काही औरंगाबादलाच राहिली." आणि मग, "तुला आत्ता कशाला हे?"

घर आम्ही विकणार नाही, मुलांची शाळा तिथेच होणार. बाईंना जेवायला बोलावलं. त्या म्हणाल्या, "येईन, पण दुपारी. आईने लहानपणापासून बजावलंय, त्या काउंटीतून अंधाराच्या आत निघायचं. आता तसं काही नाही, माहितीय मला. पण सवय आहे."

शनिवारी आल्या. पुरणपोळी केली होती, तूप घालून दोन खाल्ल्या, मुलाला त्यांनी पत्त्यांचा एक डाव शिकवला. साडेचारला घड्याळाकडे बघितलं. एरवी मी पाहुण्यांना "थांबा हो, चहा घेऊन जा" म्हणत दारात अर्धा तास अडवते. त्या दिवशी मी डबा भरून दिला आणि गाडीपर्यंत गेले.