सगळ्या आकड्यांत तेच तीन सेकंद

रत्नागिरीच्या एका बागायतदाराच्या हापूस नोंदणीच्या साइटची लोड टेस्ट, म्हणजे खोटी गर्दी सोडून साइट टिकते का याची चाचणी, आम्ही पाडव्याआधी करत होतो. पेटीचं पान उघडलं की ब्राउझर एका दमात रिक्वेस्ट सोडतो: शिल्लक पेट्या, आजचा दर, कार्ट आणि पिनकोडचा विभाग. विभाग कळला की मागोमाग पोचवण्याची तारीख.

लोड टेस्टसाठी आम्ही के-सिक्स हे साधन वापरतो. त्यातली जुनी स्क्रिप्ट हे सगळं एकामागून एक मागायची. त्यातलं रिक्वेस्ट सोडणारं एचटीटीपी.गेट उत्तर येईपर्यंत थांबतं. म्हणजे १०० आभासी ग्राहकांच्या मिळून सर्व्हरवर एका क्षणी फार तर १०० रिक्वेस्ट. खऱ्या गर्दीत त्याच १०० जणांच्या ४०० असू शकतात. टेस्ट पास होऊनही पाडव्याला साइट बसते, ती याच फरकामुळे.

पत्ते आधीच ठरलेले असतील तर अनेक रिक्वेस्ट एकत्र सोडणारं एचटीटीपी.बॅच पुरतं. मुळात ते एकूण २० आणि एका होस्टला ६ रिक्वेस्ट समांतर सोडतं. पण इथे तारीख विभागावर अवलंबून होती, आणि बॅच सगळी उत्तरं येईपर्यंत पुढे सरकत नाही. म्हणून उत्तरासाठी न अडता पुढे जाणारं असिंकरिक्वेस्ट घेतलं. रिक्वेस्ट एका नावाखाली गोळा करणाऱ्या ग्रुपमध्ये असं न अडणारं, म्हणजे असिंक, फंक्शन चालत नाही, तेव्हा प्रत्येक रिक्वेस्टला नावाचा टॅग लावला.

पहिल्याच रनला चक्रावून टाकणारं चित्र दिसलं. 'तारीख दिसेपर्यंतचा वेळ' मोजायला आम्ही स्वतःचा ट्रेंड (के-सिक्समधलं वेळ नोंदवणारं मापक) ठेवला होता, त्यात ३.१, ३.०८, ३.१२ सेकंद. के-सिक्सचा स्वतःचा रिक्वेस्ट-अवधी मात्र शंभर मिलिसेकंदांच्या आत. सर्व्हर मंदावला तर आकडे पसरतात, असे एका रांगेत उभे राहत नाहीत. तीन सेकंद स्क्रिप्टमध्येच होते: ग्राहक पान वाचतो म्हणून घातलेला स्लीप(३).

रिक्वेस्ट सोडल्या होत्या, पण अवेट न करता, म्हणजे उत्तरांची वाट न पाहता, थेट स्लीपवर गेलो होतो. के-सिक्सचा स्लीप त्या आभासी ग्राहकाचा अख्खा इव्हेंट लूप (आलेली उत्तरं हाताळणारं चक्र) अडवून धरतो. विभागाचं उत्तर मागे येऊन पडलेलं असतं, तरी देन-मधला, म्हणजे उत्तरानंतर चालायचा, कोड स्लीप संपल्यावरच चालतो. नुसतं मोजमाप चुकलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. इथे तारखेची रिक्वेस्टच तीन सेकंद उशिरा निघत होती. म्हणजे जो दाब द्यायचा, तोच सर्व्हरवर पडत नव्हता.

दुरुस्ती दोन ओळींची. मुख्य फंक्शन असिंक केलं. विभाग-तारीख ही साखळी एक प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची पावती), बाकी तीन वेगळे, चौघांवर मिळून अवेट प्रॉमिस.ऑल, आणि मगच स्लीप. पेमेंटची स्थिती दर दोन सेकंदांनी विचारणाऱ्या भागात स्लीप काढून सेटटाइमआउटचं प्रॉमिस घातलं, कारण तिथे थांबतानाही बाकीची उत्तरं हाताळली जायला हवीत. आणखी एक: अवेट विसरून प्रॉमिसच उत्तर तपासणाऱ्या चेकला दिलं, तर त्यावर स्टेटस नसतो आणि २०० (यशस्वी) स्टेटस आलेली रिक्वेस्टही नापास दिसते.

पुढच्या रनला खरं दुखणं वर आलं. कनेक्शन जुळायला वेळ लागत नव्हता, वाढत होता तो उत्तराची वाट पाहण्याचा. बॅकएंड नोड.जेएसचा, आणि पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडलेल्या कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, मुळातल्या १० वरच सोडलेला. समांतर रिक्वेस्ट त्या दहांसाठी रांगेत उभ्या. पूल वाढवायच्या आधी आम्ही पेटीचा दर कॅशमध्ये (तयार उत्तरांच्या साठ्यात) हलवला, कारण तो दिवसातून एकदाच बदलतो. मग पूल २० केला आणि तीच स्क्रिप्ट, तेवढ्याच ग्राहकांसह पुन्हा चालवली. रांग ओसरली.