आधी रॅम, मग इन्स्टॉलेशन: जुन्या जी४१ बोर्डचा माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसातला पीसी उघडला, की आत धुळीपेक्षा सुताची लवच जास्त निघते. ती हीटसिंकवर थर धरते आणि रॅमच्या स्लॉटमध्येही जाऊन बसते. माझ्यासमोरचं मशीन असंच होतं: इंटेल जी४१ चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, १ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम आणि ३२ बिट विंडोज ७. त्यावर विंडोज १० टाकताना फाइल्स कॉपी होता होता ८००७०५७० ने संपणारा एरर यायचा, आणि तोही दर वेळी वेगळ्या टक्क्यावर.

टक्का बदलतोय, हीच खूण धरायची. पेनड्राइव्ह किंवा आयएसओ (इन्स्टॉलेशनची डाउनलोड केलेली फाइल) खराब असेल तर काम बहुधा ठरावीक जागीच अडतं. अडण्याची जागा बदलत राहिली तर पहिला संशय रॅमवर. इन्स्टॉलर फाइल्स रॅममध्ये उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो. मध्ये एक बिट जरी उलटला तरी फाइल खराब ठरते. लोक अशा वेळी आयएसओ पुन्हापुन्हा डाउनलोड करत बसतात. आयएसओचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा कोड) एकदा जुळवला की तो विषय संपला.

वायर काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. स्लॉट ब्लोअरने साफ केले. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. रॅमचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग एका वेळी एकच रॅम लावून मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एका रॅमवर लाल ओळी, म्हणजे एरर, आल्या. तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्येही तशीच निघाली, म्हणजे दोष स्लॉटचा नव्हता. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आला तरी ती रॅम बाद, यात तडजोड नाही. चाचणी रात्रभर चालवायची असेल तर यूपीएसची बॅटरी आधी पाहून घ्या.

खरी मेख नवी रॅम घेताना आहे. जी४१ जास्तीत जास्त ८ जीबी घेतो, पण ४ जीबीची कुठलीही डीडीआर३ रॅम त्याला चालत नाही. दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली, म्हणजे २ गिगाबिटच्या चिपची रॅम लागते. एकाच बाजूला ८ चिप असलेल्या ४ जीबी रॅममध्ये ४ गिगाबिटच्या चिप असतात आणि हा चिपसेट त्या नीट ओळखत नाही. स्क्रीन काळी राहते किंवा रॅम अर्धीच दिसते. दुकानात रॅम हातात घेऊन चिप मोजा. काही जी४१ बोर्ड डीडीआर२ चे असतात आणि दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी रॅम सोबत नेलेली बरी. स्वस्तात मिळणाऱ्या ४ जीबी डीडीआर२ पैकी बऱ्याच फक्त एएमडी बोर्डवर चालणाऱ्या असतात, तेवढ्या टाळा.

८ जीबी बसवूनही सिस्टमला ३ जीबीच्या आसपासच दिसत असेल तर कारणं बहुधा दोन: ओएस ३२ बिट आहे किंवा बायोसमधलं (बोर्डची स्वतःची सेटिंग) मेमरी रीमॅप, म्हणजे ४ जीबीपलीकडची रॅम वापरू देणारी सोय, बंद आहे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचना (इन्स्ट्रक्शन) लागते आणि ती कोअर २ ड्युओमध्ये नाही, त्यामुळे तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. इंटरनेट, ईमेल आणि पत्रव्यवहार एवढंच काम होतं, म्हणून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. टॅली हे विंडोजवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायचं असतं तर मी हे सुचवलं नसतं.

पेनड्राइव्ह रूफस या प्रोग्रामने, जुन्या बोर्डला चालणारा एमबीआर आणि बायोस हा पर्याय निवडून बनवला. या बोर्डच्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह बऱ्याचदा वेगळा दिसत नाही. तो हार्डडिस्कच्या यादीत असतो, तिथे त्याला वर आणावं लागतं. हार्डडिस्कच्या जागी साटा एसएसडी लावली. तिच्यासाठी बायोसमध्ये एएचसीआय (साटा डिस्कचा नवा मोड) शोधत बसू नका. जी४१ सोबत डिस्क सांभाळणारी चिप म्हणून सहसा आयसीएच७ असतो आणि त्याच्या साध्या आवृत्तीत एएचसीआय नसतोच. आयडीई या जुन्या मोडमध्येही फरक लगेच जाणवतो.

मशीन बंद केल्यावर तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर सर्टिफिकेटचे एरर दाखवतो, अपडेटही अडतात आणि दोष उगाच नव्या ओएसवर जातो.