टाकी-सेन्सर अपडेट: क्लास १ लावूनही लिंक का तुटत होती ते सापडलं!

मंडळी, उत्तर सापडलंय. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी ब्लूटूथने खाली फोनवर पाठवायचा माझा प्रयोग चालू आहे. मागच्या अपडेटमध्ये एचसी-०५ (कमी पॉवरचं ब्लूटूथ मॉड्यूल) काढून क्लास १ (जास्त पॉवरचं) मॉड्यूल टाकलं होतं, तरी गच्चीवरची टाकी आणि खाली स्वयंपाकघरातला फोन यांचं काही केल्या जुळत नव्हतं. फोनवर सिग्नल मस्त, पेअरिंगही होतंय, आणि जरा वेळात डिस्कनेक्ट. डोकं आउट झालं होतं.

मग दोन्ही बाजूंचा आरएसएसआय बघितला, म्हणजे पोचणाऱ्या सिग्नलची ताकद (डीबीएममध्ये; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात). फोनला मॉड्यूल ऐकू येतंय −६६ डीबीएमला आणि मॉड्यूलला फोन −८३ ला. मधला स्लॅब दोघांनाही तोच, म्हणजे हा फरक सरळ पॉवरचा! क्लास १ म्हणजे १०० मिलीवॅट, २० डीबीएम, फोन क्लास २ धरला तर २.५ मिलीवॅट, ४ डीबीएम, १६ डीबीचं अंतर, जवळपास तेवढंच मिळालं. मॉड्यूल ओरडून बोलतंय पण फोनचं उत्तर वरपर्यंत धड पोचत नाही, आणि कनेक्शन टिकायला दोन्ही बाजूंनी नीट पोचावं लागतं. क्लास १ चे १०० मीटर, क्लास २ चे १० मीटर असे जे आकडे सांगतात ते मोकळ्या जागेतले अंदाज आहेत, क्लास ठरतो फक्त पॉवरवर, आरसीसीचा स्लॅब मध्ये आला की ते आकडे विसरा.

दुकानदार 'क्लास १ आहे, १०० मीटर जाणार' म्हणून काहीही खपवतात, घेताना चिप आणि अँटेनाच्या मध्ये पॉवर अॅम्प्लिफायर दिसतोय का ते बघा आणि डेटाशीट मागा. माझं मॉड्यूल खरं निघालं हे −६६ वरून कळलं, फार बरं वाटलं. जेएसएन-एसआर०४टी (ध्वनिलहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर) पण आता स्थिर रीडिंग देतोय, झाकणाखाली २५ सेंमी जागा सोडल्यापासून टाकी भरली तरी आकडा उड्या मारत नाही.

आता खाली पण क्लास १ डोंगल लावायचा असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं, मला कनेक्शन हवंय कशाला? पाण्याची पातळी आणि बॅटरीचं व्होल्टेज, एवढंच तर खाली पाठवायचंय, ते बीएलई (कमी ऊर्जेचं ब्लूटूथ) अॅडव्हर्टायझिंगच्या, म्हणजे कनेक्शन न करता हवेत सोडलेल्या छोट्या संदेशाच्या, ३१ बाइट्समध्ये आरामात बसतं, आणि पॅसिव्ह स्कॅन (फक्त ऐकणं) केला तर फोनला उलट काही बोलावंच लागत नाही! ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) ड्रॉवरमध्ये पडलाच आहे, त्याची पॉवर +९ डीबीएमवर नेता येते. क्लास १ मॉड्यूलपेक्षा ११ डीबी कमी, म्हणजे फोनवर साधारण −७७ यायला हवं, तेवढं चालेल. डोंगलची ऑर्डर थांबवतोय, रविवारी ईएसपी३२ गच्चीवर चढवतो.